साडेतीन सेकंदांचा हिशेब

‘संगणकावर चालवून पाहिलं आहे’ एवढं म्हटलं की विमानतळांच्या दुनियेत वाद मिटतो. धावपट्टीची क्षमता ताशी किती, नवा टॅक्सीवे बांधला तर रखडपट्टी किती कमी होईल, शेजारी दुसरा विमानतळ आला तर दोघांचे मार्ग एकमेकांत किती अडकतील, या सगळ्यांवर एकच तोडगा: सिम्युलेशन. भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत ठिपके सरकतात, शिस्तीत एकामागून एक धावपट्टीवर टेकतात आणि कोपऱ्यात उशिराची सरासरी दशांशचिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत झळकते. हे ठिपके खऱ्या विमानांसारखे वागतात हे कशावरून, असं एखाद्यानं विचारलंच, तर त्याला विघ्नसंतोषी ठरवलं जातं.

या विघ्नसंतोषी माणसाला द्यायची उत्तरंही ठरलेली आहेत. हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात, शंका घेणारे तुम्ही कोण? अनुभवी हवाई वाहतूक कंट्रोलरना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. सरासरी उशीर प्रत्यक्षाशी जुळतो. आणि अगदी नाही जुळला तरी बिघडत नाही, कारण आम्हाला नेमका आकडा नकोच आहे. दोन पर्यायांतला कुठला बरा, एवढंच हवं आहे. खऱ्या उड्डाणांच्या नोंदी म्हणाल तर त्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर गढूळ असतात. शेवटी हुकमाचा एक्का: जो विमानतळ अजून बांधलाच नाही, त्याच्या नोंदी आणायच्या कुठून?

ऐकायला सगळं समंजस वाटतं, म्हणूनच जास्त चीड येते. मॉडेलनं सांगितलेलं आणि आकाशात घडलेलं शेजारी शेजारी मांडून दोन्हींतला फरक छापायचा, एवढंच काम टाळण्यासाठी ही सगळी हुशारी खर्ची पडते.

‘नेमका आकडा नको, तुलना हवी’ ही यातली सर्वांत सभ्य सबब, आणि सर्वांत फसवी. मुंबईचंच पाहा. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात काम एकीचंच. त्या एकीवर गर्दीच्या तासांत ताशी ४६ उड्डाणं आणि उतरणी बसवलेल्या होत्या. २०२४च्या सुरुवातीला भारतीय विमानतळ प्राधिकरणानं हा आकडा ४४ वर आणला आणि कमी गर्दीच्या तासांसाठी ४४ चा ४२ केला. नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं फेब्रुवारीत त्यामागचं कारण जाहीर केलं. विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या. विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळतं असं धरलं, तर दर खेपेला १.७ ते २.५ किलोलिटर इंधन नुसतं थांबण्यात जात होतं.

आता भागाकार करा. तासाचे ३,६०० सेकंद भागिले ४६, उत्तर ७८.३. भागिले ४४, उत्तर ८१.८. दर विमानामागे फरक साडेतीन सेकंदांचा. सगळा झगडा एवढ्यावर आहे. उतरलेल्या विमानानं बाहेर पडायचं पहिलं वळण चुकवून पुढचं घेतलं, तर याहून जास्त वेळ जातो. ओल्या धावपट्टीवर पायलटनं सावधपणे ब्रेक लावले, तरी जातो. उड्डाणाची परवानगी मिळाल्यावर कॉकपिटमधली तपासणी पुरी व्हायची राहिली असेल, तरी जातो. तुमच्या मॉडेलमधला ‘धावपट्टी अडून राहण्याचा वेळ’ सरासरी चार सेकंदांनी चुकला असेल, तर ४६ बरे की ४४ हे त्याला कळणारच नाही. मग तुलना कसली केली म्हणता?

यावर उत्तर येतं की चूक दोन्ही पर्यायांत सारखीच आहे, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते. रांग सरळ रेषेत वाढत असती तर हे खरं ठरलं असतं. धावपट्टी क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर चालू असताना दोन विमानं वाढली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच दोन विमानं अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर वाढली, तर सकाळी लागलेली रांग दुपारपर्यंत मोडत नाही. उभ्या कड्याच्या काठावर चार सेकंदांची चूक वजाबाकीनं उडत नाही, ती उशिराच्या आकड्यात कितीतरी पटींनी फुगून येते. रांगांच्या गणिताचा हा पहिला धडा आहे, आणि तो बाजूला ठेवूनच ‘आम्ही फक्त तुलना करतो’ असं म्हणता येतं.

मंत्रालयानं या गर्दीची सांगितलेली कारणं याहून बोलकी होती. स्लॉट, म्हणजे उड्डाणाच्या आणि उतरणीच्या ठरवून दिलेल्या वेळा, फार दाट वाटले गेले, विमान कंपन्यांनी दिलेल्या वेळा पाळल्या नाहीत, आणि ऐन गर्दीच्या तासांत वेळापत्रकाबाहेरची उड्डाणं शिरली. यातलं एकही कारण डांबराच्या लांबीशी किंवा चाकांच्या घर्षणाशी संबंधित नाही. हे सगळं माणसांचं वागणं आहे, आणि ते उड्डाणांच्या नोंदींत दिसतं. ज्या मॉडेलला छापील वेळापत्रक खायला घातलं, त्याच्या जगात प्रत्येक विमान दिलेल्या मिनिटाला दारात हजर असतं. अशा जगात ताशी पन्नासही बसतील!

कुणीतरी आता ११ नोव्हेंबर २०२३ची आठवण करून देईल. त्या एका दिवसात मुंबईनं १,०३२ विमानांची ये-जा हाताळली. भागिले २४ केलं तर चोवीस तास सलग सरासरी ताशी ४३. कंट्रोलरांना मनापासून सलाम, पण हा विक्रम आहे, पडताळणी नाही. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, सगळ्यांचीच सगळी ताकद पणाला लागलेल्या दिवशी जे साधलं, त्यावरून जुलैमधल्या मंगळवारचं भाकीत करायचं? १ जुलै २०१९ला ऐन मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं आणि ती काही दिवस बंद राहिली. तोही मुंबईचाच दिवस होता. मॉडेल तपासायला कुठले दिवस निवडले आणि कुठले वगळले, हे ज्या अहवालात लिहिलेलं नाही, तो वाचण्यात अर्थ नाही.

कंट्रोलरांनी मान डोलावली, या उत्तरात त्यांच्याबद्दल आदर कमी आणि त्यांच्या आडोशाला उभं राहणं जास्त आहे. या धंद्यात कंट्रोलरहून जाणता माणूस नाही, हे मान्य. पण पडद्याकडे पाहून त्याला एवढंच सांगता येतं की ठिपके वेडंवाकडं काही करत नाहीत. शंभर विमानांमधल्या अंतरांचा पसारा खऱ्यासारखा आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजावं लागतं. आणि स्वतःची सवय माणसाला स्वतःला माहीत असतेच असं नाही. दोन विमानांत किती अंतर ठेवता, असं विचारलं तर तो नियमातला आकडा सांगेल. वारा फिरल्यावर, पाऊस दाटल्यावर, पुढे अवजड विमान असताना तो त्यात किती भर घालतो, हे त्याच्या तोंडून नाही, रडारच्या नोंदीतून कळतं.

वाऱ्याचंच घ्या. १४० नॉट वेगानं येणाऱ्या विमानाला तीन नॉटिकल मैल कापायला ७७ सेकंद लागतात. समोरून ३० नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबानं वेग ११० उरतो आणि त्याच अंतराला ९८ सेकंद लागतात. अंतराचा नियम तोच, कंट्रोलर तोच, विमान तेच, आणि ताशी उतरणी मात्र घटल्या. लंडनच्या हीथ्रोला या दुखण्याचा त्रास वर्षानुवर्षं होता. तिथं काय केलं? आधी मोजलं. लायडार हे लेझरचं यंत्र लावून दीड लाखांहून अधिक विमानांच्या मागे उठणारे हवेचे भोवरे, ज्यांच्यापासून बचावासाठी हे अंतर ठेवावं लागतं, ते पाहिले आणि जोरदार समोरच्या वाऱ्यात ते लवकर विरतात हे आकड्यांनी दाखवलं. मग २०१५मध्ये मैलांऐवजी सेकंदांत अंतर ठेवण्याची पद्धत सुरू झाली. मोजमाप पुढे, नियम मागे. याच्या उलट क्रमानं काम करणारे स्वतःला आधुनिक म्हणवतात, याची गंमत वाटते.

सरासरी जुळते, हा दावा करणाऱ्यांना एकच विचारावं: जुळते की जुळवली? या सॉफ्टवेअरमध्ये फिरवायला खुंट्या भरपूर असतात. टॅक्सीचा वेग, विमानांमधलं जादा अंतर, पुश-बॅकला लागणारा वेळ, धावपट्टी सोडायला लागणारा वेळ. एखाद्या दिवसाची सरासरी येईपर्यंत त्या फिरवायच्या आणि त्याच दिवसाशी ताडून ‘मॉडेल खरं ठरलं’ म्हणायचं, हे आपणच पेपर काढून, आपणच सोडवून, आपणच तपासण्यासारखं आहे. गुण पैकीच्या पैकी मिळणारच.

यातला खरा धोका खोलात आहे. समजा मॉडेलनं कंट्रोलरांना वास्तवापेक्षा चपळ धरलं आणि टॅक्सी करणाऱ्या विमानांना वास्तवापेक्षा संथ. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि सरासरी अगदी तंतोतंत येते. मग त्याच मॉडेलमध्ये नवा टॅक्सीवे टाकला जातो. संथपणाची चूक नाहीशी होते, चपळपणाची तशीच राहते आणि पडद्यावर उशीर चमत्कार झाल्यासारखा घटतो. या चमत्काराच्या भरवशावर पैसे खर्च होतात. टॅक्सीवे बांधून झाल्यावर उशीर तेवढा का घटला नाही, याची चौकशी कुणी करत नाही, कारण तोवर सगळे पुढच्या सिम्युलेशनला लागलेले असतात. म्हणून सरासरी नको. उशिराचं पूर्ण वितरण दाखवा, सर्वांत वाईट पाच टक्के विमानांचं काय झालं ते दाखवा, रांग खऱ्या दिवशी ज्या तासाला लागली त्याच तासाला मॉडेलमध्ये लागली का ते दाखवा. आणि हे सगळं अशा दिवसांवर दाखवा, जे खुंट्या फिरवताना तुम्ही पाहिलेच नव्हते.

‘हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात’ हे उत्तर एरवी हसून सोडून दिलं असतं, पण त्याच्या पोटात एक घातक समजूत आहे: एकदा सिद्ध झालेलं मॉडेल कायमचं सिद्ध. त्यावर उतारा म्हणून उत्तर अटलांटिक महासागरावरच्या हवाई मार्गांची गोष्ट पुरेशी आहे. १९६०च्या दशकात तिथल्या समांतर मार्गांमध्ये १२० नॉटिकल मैलांचं अंतर असे. ते कमी करावं की नाही यावरून विमान कंपन्या आणि पायलट यांच्यात जुंपली. महासागराच्या मध्यावर रडार पोहोचत नसे, विमान नेमकं कुठं आहे हे सांगायला पायलटशिवाय कुणी नसे. ब्रिटनमधल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या पी. जी. राइख यांनी १९६६मध्ये टक्कर होण्याची शक्यता मोजायचं गणित प्रसिद्ध केलं. विमानं आपल्या मार्गापासून किती भरकटतात, यावर ते गणित उभं होतं आणि त्यासाठी लागणारे आकडे महासागर ओलांडून आलेल्या विमानांना किनाऱ्यावरच्या रडारवर पाहून गोळा केलेले होते.

आता यातली मेख पाहा. त्या गणितात भरकटणं हीसुद्धा एक प्रकारची ढाल होती. दोन विमानं चुकून एकाच मार्गावर, एकाच उंचीला आली तरी दोन्ही मार्गापासून थोडी इकडेतिकडे असणार, म्हणून बहुधा एकमेकांच्या बाजूनं निघून जाणार. मग जीपीएस आलं आणि विमानं मार्गाच्या अगदी मधोमध, फारच थोड्या फरकानं उडू लागली. अचूकता वाढली आणि ढाल गेली! उंची चुकली, तर आता समोरचं विमान खरोखरच समोर असण्याची शक्यता कितीतरी वाढली. म्हणून आज उत्तर अटलांटिक ओलांडताना पायलट मार्गाच्या उजवीकडे मुद्दाम एक-दोन नॉटिकल मैलांपर्यंत सरकून उडतात. गणितात खोट नव्हती. ज्या जगाचे आकडे त्यात भरले होते, ते जग बदललं होतं. विमानं खरी कशी उडतात हे पाहत राहिल्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात आलं असतं?

आपल्याकडेही ही शिस्त आहे. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागरावर विमान ठरलेल्या मार्गापासून किंवा वेळेपासून फार ढळलं, तर त्याची नोंद चेन्नईत विमानतळ प्राधिकरणाच्या ‘बोबास्मा’ या यंत्रणेकडे जाते आणि अशा नोंदींवरून जोखीम पुन्हा पुन्हा मोजली जाते. म्हणजे जिथं विमानं मैलोगणती विरळ असतात, तिथं मॉडेलला सतत जाब विचारला जातो. जिथं सुमारे ८० सेकंदांना एक विमान धावपट्टीवर येतं, तिथं मात्र सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे म्हणून समाधान मानायचं!

राहिला नोंदींचा प्रश्न. ‘मिळत नाहीत’ हे म्हणायचे दिवस गेले. आजचं विमान एडीएस-बीवरून आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा स्वतःच प्रसारित करतं. घराच्या गच्चीवर बसवलेला स्वस्त रिसीव्हर ते पकडतो. अशा हौशी लोकांच्या रिसीव्हरांवर ओपनस्काय नेटवर्क उभं राहिलं आणि संशोधकांना त्याच्या नोंदी मिळतात. युरोपातली हवाई वाहतूक संस्था युरोकंट्रोल दरवर्षीच्या चार महिन्यांच्या उड्डाणांच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या करतं. विमानतळ प्राधिकरणाकडे तर स्वतःचं रडारच आहे. गच्चीवरच्या हौशी पोराला जे दिसतं, ते सल्लागाराला दिसत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

गढूळ असतात, हे मात्र खरं. तेवढं मान्य करतो. एडीएस-बीतली उंची हवेच्या प्रमाण दाबावरून काढलेली असते. पावसाळ्यात मुंबईवर दाब १,००३ हेक्टोपास्कल असेल, तर जमिनीला टेकत आलेलं विमान नोंदीत पावणेतीनशे ते तीनशे फूट वर तरंगताना दिसतं. विमानाचं वजन त्यात नसतं, कारण ते कंपन्या सांगत नाहीत, आणि वजनाशिवाय विमान किती झपाट्यानं चढेल याचा अंदाज चुकतो. शिवाय विमान जी जागा सांगतं ती त्याला वाटणारी जागा. जीपीएसचा सिग्नल कुणी फसवला, तर विमान पूर्ण प्रामाणिकपणे खोटं बोलतं. हे सारे दोष माहीत असलेले आहेत. दाबाची दुरुस्ती हवामानाच्या नोंदीवरून होते, वजनाचा अंदाज चढण्याच्या रेषेवरून मागे जाऊन काढता येतो, फसवलेली जागा रडारशी ताडून पकडता येते. खऱ्या नोंदी गढूळ म्हणून नाकारायच्या, आणि मॉडेलमध्ये ‘टॅक्सीचा वेग १५ नॉट’ हा आकडा कुणाच्या तरी अंदाजानं भरायचा. तो कुठल्या झऱ्याचं पाणी आहे?

विमानं दाखल केलेल्या उड्डाण आराखड्याप्रमाणेच उडतात, हाही असाच एक अंदाज. युरोपात वर्षानुवर्षं मोजलं जातं की प्रत्यक्ष उडालेला मार्ग दाखल केलेल्या मार्गापेक्षा सरासरीनं लहान असतो, कारण कंट्रोलर वाट मोकळी दिसली की सरळ जाऊ देतात. विमानतळाजवळ उलट होतं: वळवतात, फिरवतात, थांबवतात. आराखड्याप्रमाणे विमान उडवणारं मॉडेल वरच्या आकाशात जास्त अंतर मोजतं आणि खालच्या आकाशात कमी, म्हणजे दोन्हीकडे चुकतं.

खऱ्या नोंदी आल्या की सगळे प्रश्न सुटतात, असं मी म्हणत नाही. २८ ऑगस्ट २०२३ला ब्रिटनच्या हवाई वाहतूक यंत्रणेत एक उड्डाण आराखडा आला. त्यात ‘डीव्हीएल’ नावाचे दोन बिंदू होते, एक फ्रान्समधल्या दोव्हिलचा आणि दुसरा अमेरिकेतल्या डेव्हिल्स लेकचा. आराखडे वाचणारी संगणक प्रणाली गोंधळली आणि बंद पडली. तिच्या जागी आलेली राखीव प्रणालीही तोच आराखडा वाचून तशीच बंद पडली. सात लाखांहून अधिक प्रवाशांना झळ बसली. त्याआधी या प्रणालीनं दीड कोटींहून अधिक खरे आराखडे सुरळीत हाताळले होते. ‘बघा, खऱ्या नोंदींनी काय वाचवलं?’ असं म्हणायला यातून काहींना हुरूप येईल. पण दीड कोटी खऱ्या आराखड्यांतून तावूनसुलाखून निघालेली प्रणालीही एका दिवशी कोसळते, यातून निष्कर्ष कुठला निघतो? पडताळणी आणखी कडक हवी हा, की अजिबात नको हा?

उरला हुकमाचा एक्का, न बांधलेला विमानतळ. तोही नवी मुंबईनं हातातून काढून घेतला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला तिथं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. न बांधलेल्या विमानतळावरही उतरणारी विमानं बांधलेलीच असतात. तीच एअरबस ३२०, तेच पायलट, तेच कंट्रोलर, तोच जून ते सप्टेंबरचा पाऊस. जे मॉडेल मुंबईचा मागच्या जुलैमधला एखादा आठवडा, तो आठवडा आधी न पाहता, उभा करू शकत नाही, त्याला पुढच्या जुलैमध्ये दोन विमानतळांचं काय होईल हे सांगण्याचा अधिकार कुणी दिला? आणि आता तर सबबच उरलेली नाही. काही मिनिटांच्या अंतरावरचे दोन विमानतळ एकाच आकाशात रोज चालू आहेत, रोज नोंदी जमत आहेत.

म्हणून मागणी सरळ आहे. दोन्ही विमानतळांसाठी आजवर जी सिम्युलेशनं झाली, त्यांची भाकितं काढा आणि प्रत्यक्ष नोंदींशेजारी ठेवून छापा, चुकलेल्या आकड्यांसकट. पुढे कुठल्याही विमानतळाची ताशी क्षमता जाहीर करताना तीन गोष्टी सोबत द्या: मॉडेल कुठल्या दिवसांवर जुळवलं, कुठल्या वेगळ्या दिवसांवर तपासलं, आणि किती सेकंदांनी चुकलं. ज्या अहवालात या तीन ओळी नाहीत, तो स्लॉट वाटणाऱ्यांनी आणि पैसे मंजूर करणाऱ्यांनी न वाचता परत पाठवावा.